हाताच्या आधी

१

नवी वस्तू घरी आली की लोक आधी ती लावून बघतात. ती आधी खोकं बघायची. कोपरे दबलेत का, थर्माकोल आत घट्ट बसलाय का, केबल कुणी एकदा उलगडून परत गुंडाळलीय का. ग्राहकांच्या एका मासिकासाठी घरगुती वस्तू तपासायच्या आणि त्यांच्यावर लिहायचं, हे तिचं काम. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, पाणी तापवायच्या किटल्या, सगळ्यांनी तिच्या हातून शाबासकी तरी घेतली होती नाहीतर शिव्या तरी. घराच्या मागच्या टोकाला एक छोटी खोली होती. लांब लाकडी टेबल, चाकांची एक खुर्ची, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर नापास झालेल्या वस्तू. दीर त्या खोलीला अनाथाश्रम म्हणायचा.

त्या दिवशी आलेलं खोकं मात्र रुंद आणि सपाट होतं. गेमिंगचा मॉनिटर. एरवी असल्या वस्तू बघणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," असं तिनं संपादकांना फोनवर सांगितलं होतं.

"म्हणूनच तुमच्याकडे पाठवलाय," ते म्हणाले होते. "घरात आणावा की नाही, एवढंच लिहा. खेळणाऱ्यांसाठी लिहिणारे पुष्कळ आहेत."

दिराला मात्र आभाळ ठेंगणं झालं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दोन गल्ल्या सोडून त्याचं वर्कशॉप होतं, दिवसभर बारीक काम, आणि संध्याकाळी आला की हात धुऊन गेम. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, आधी रँक वाढू दे. त्यानं खोकं उघडायच्या आधीच स्टँडचे स्क्रू शोधले.

"वहिनी, दोनशे चाळीस हर्ट्झ! सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं! आपला जुना साठ दाखवतो. म्हणजे आजपर्यंत मी आंधळाच होतो."

"दिसतंच होतं ते," आतून सासूबाई म्हणाल्या. "भाजी आणायला पाठवलं की कळतं."

घरात ही तिघंच. नवरा जहाजावर इंजिनिअर. वर्षातले बरेच महिने तो फोनमधला आवाज असायचा.

मॉनिटर लागला. माउसचा बाण पडद्यावरून इकडून तिकडे गेला आणि तिलाही फरक कळला. लोण्यातून सुरी जावी तसा तो सरकत होता. दीर तास दीड तास खेळला, उठला तेव्हा कान लाल झाले होते.

"काय जादू आहे हो वहिनी! मी गोळी झाडायच्या आधी समोरचा आडवा."

ती हसली. पहिल्या दिवशी सगळेच असं बोलतात. इस्त्रीबद्दलही बोलतात.

२

विलंब मोजायची तिची पद्धत साधी होती. माउसवरचं बोट आणि मॉनिटर दोन्ही दिसतील असा फोन लावायचा, सगळ्यात संथ गतीचं चित्रण घ्यायचं, आणि मग एकेक चित्र पुढे सरकवत बघायचं की बोट दाबल्यावर किती चित्रांनंतर पडदा उजळतो. जितकी चित्रं कमी तितकं यंत्र चांगलं. दिराची मंडळी याला लॅग म्हणायची.

सकाळी सगळं शांत असताना तिनं मोजलं. मग चष्मा पुसला आणि परत मोजलं.

पडदा आधी उजळत होता. बोट नंतर दाबलं जात होतं.

फरक एवढासा की पापणी लवायलाही त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण होता तो चुकीच्या बाजूला. ती घाबरली वगैरे नाही. वैतागली. माप चुकलं की चूक मोजणाऱ्याची, हे तिनं पंख्यांपासून शिकलं होतं. फोनचा कॅमेरा अख्खं चित्र एकदम टिपत नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीनं टिपतो. त्यामुळे वरचा पडदा आणि खालचा हात यांच्या वेळा किंचित पुढेमागे होऊ शकतात. तिनं फोन उलटा लावला. तसंच. माउस बदलला, केबल बदलली. मग जुना मॉनिटर फळीवरून काढून नव्याच्या शेजारी ठेवला आणि एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही जोडले, दोघांवर एकच चित्र. जुन्यावरचा बाण हाताच्या मागून जात होता, जसा जायला हवा. नव्यावरचा हाताच्या पुढे.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर तरुण आणि उत्साही होता.

"मॅडम, शून्याच्या जवळ येणं हीच आमची खासियत आहे."

"शून्याच्या जवळ नाही. पलीकडे. उणे येतंय."

"उणे येऊच शकत नाही, मॅडम."

"ते मलाही माहीत आहे."

तो म्हणाला, "पुढचा अंदाज बांधून चित्र दाखवणारी यंत्रणा असते काही ठिकाणी. यात नाहीये. तुमचा कॅमेराच चुकत असेल." मग अदबीनं विचारलं, "पण तुम्ही उणे छापणार नाही ना?"

फोन ठेवल्यावर ती टेबलाशी बसून राहिली. खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पाइपांमधलं पाणी गळल्याचा आवाज येत होता. तिनं माउसला हात लावला नव्हता. बाण बोटभर डावीकडे सरकला. मग तिचा हात उठला, माउसवर गेला आणि तिनं तो बोटभर डावीकडे सरकवला.

पहिल्यांदाच तिला ते डोळ्यांनी दिसलं होतं. कॅमेऱ्याशिवाय. म्हणजे फरक वाढत चालला होता.

३

दुपारी ती लिहायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायची, तेव्हा मागच्या खोलीत सासूबाई पत्ते खेळायच्या. कॉम्प्युटरवरचा एकट्यानं खेळायचा डाव. धाकट्यानं शिकवला होता आणि त्यांना त्याचा असा नाद लागला होता की दुपारची झोप गेली. पत्ता उचलायच्या आधी सासूबाई बाणानं त्याच्याभोवती दोन गिरक्या घ्यायच्या, जणू पत्त्याला विचारायच्या, येतोस का? मग टिक. दीर त्यांची नक्कल करायचा. "आई पत्त्याला ओवाळते," म्हणायचा.

"तुम्हाला या नव्या पडद्यावर त्रास होत नाही ना?" तिनं एकदा दारात उभं राहून विचारलं.

"त्रास कसला? उलट बरं पडतं. कुठे जायचं ते तो आधीच जाऊन दाखवतो. मी आपली मागनं जाते."

"म्हणजे तुम्हाला दिसतं ते?"

"काय दिसतं?"

"बाण आधी जातो ते."

सासूबाईंनी मान वळवली. चष्म्याच्या काचेत पडद्याचा निळा चौकोन होता. "अगं, तुमच्या नव्या वस्तू असंच करतात ना सगळं? तो दिवा नाही का, आपण खोलीत गेलो की आपोआप लागतो."

ती पडद्याकडे बघत राहिली. बाण बदामच्या राणीपाशी गेला, त्यानं दोन गिरक्या घेतल्या, राणी उचलली आणि नेऊन ठेवली. तेव्हा कुठे सासूबाईंचा सुरकुतलेला हात निघाला. दोन गिरक्या, टिक, आणि संथपणे उजवीकडे. माउस लाकडावर खरखरला. पडद्यावर सगळं होऊन गेलं होतं आणि हात ते पुन्हा करत होता.

तिनं फोन काढून चित्रण घेतलं. कामासाठी, असं स्वतःला सांगितलं.

४

तिनं दिराला ते दाखवलं आणि पस्तावली. त्याला आधीच कळलं होतं. त्यानं बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

"आता खेळायला मजा येत नाही, वहिनी. काल गेममध्ये मी उजवीकडच्या दारातून जाणारच नव्हतो. पडद्यावरचा माझा गडी गेला. मग मी गेलो."

"म्हणजे तुम्हीच गेलात."

"हो, पण ठरवलं कुणी?"

"तुम्हीच ठरवलं असणार. पडद्याला आधी कळलं असेल."

"मग मी ठरवलं नसतं तर?"

हा प्रश्न तिला पटला. तो तपासून बघता येण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपला गेल्यावर ती मागच्या खोलीत बसली, हात मांडीवर ठेवले, आणि बाण हलायची वाट बघू लागली. आता तो चांगला दोन-तीन श्वासांएवढा पुढे असायचा.

बाण हलला. तिरका, झपकन, खालच्या कोपऱ्याकडे, आणि तिथे वेडावाकडा अडखळला. असा कुणी माउस हलवत नाही. हलवायचं कारणही नव्हतं. ती हसली. नाही हलवणार, तिनं ठरवलं, आणि दोन्ही हात खुर्चीखाली दाबून धरले. बघू या.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. भांडं असावं. आवाज मोठा झाला आणि ती दचकून उठली. उठताना तिचं कोपर टेबलाला लागलं आणि माउसवर आदळलं. माउस तिरका घसरला, झपकन, आणि कडेला ठेवलेल्या इस्त्रीच्या वायरीत अडखळला.

ती तशीच उभी राहिली.

"अगं, पातेलं पडलं!" सासूबाईंचा आवाज आला. "काही लागलं नाही. ऐकलंस का?"

"ऐकलं, आई," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. तो ऐकून घेणाऱ्यातला होता. पलीकडे इंजिनाची घरघर चालूच होती.

"तू थकली आहेस," तो म्हणाला. "बंद कर, परत खोक्यात घाल आणि पाठवून दे. लेख काय, लिहिता येईल नंतर."

"मी मोजलंय रे."

"मोजलंस ना? मग झालं तुझं काम."

तिनं मॉनिटर बंद केला आणि त्यावर जुनी चादर टाकली. सासूबाई दोन दिवस रुसल्या.

५

सासूबाई आजारी अशा पडल्याच नाहीत. एके सकाळी बाथरूमच्या दारात त्यांना भोवळ आली, दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. शेवटी शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी धाकट्याला विचारलं. तो एका गिऱ्हाईकाकडे कवळीचं माप घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. फोन लागला, निघाला, रस्त्यात गर्दी. तो वॉर्डात शिरला तेव्हा नर्सनं पडदा ओढला होता.

नवरा विमानानं आला, सगळं पार पडलं, आला तसा परत गेला. घर एकदम मोठं झालं. दीर संध्याकाळी हात धुऊन नुसता बसून राहायचा. जेवताना ती काहीबाही बोलायची, तो हूं म्हणायचा. एकदा मात्र घास हातात धरून म्हणाला, "दोन सिग्नल आधी सुटले असते ना वहिनी, तर झालं असतं."

"असं नका म्हणू."

"मी फक्त सांगतोय."

मागच्या खोलीचं दार या सगळ्या काळात बंद होतं.

६

कंपनीचा निरोप आला की मॉनिटर परत पाठवायचा आहे, माणूस उद्या न्यायला येईल. दुपारची वेळ होती. ती चहा घेऊन मागच्या खोलीत गेली, चादर काढली आणि खोकं जमिनीवर उघडून ठेवलं. खोलीत बंद घराचा वास होता. खिडकी उघडल्यावर उन्हाची एक पट्टी टेबलावर पडली. माउसवर धुळीचा पातळ थर होता.

पाठवण्याआधी एकदा चालू करून बघणं हा तिचा शिरस्ता होता. वस्तू चालत्या स्थितीत परत केली, एवढं तरी म्हणता यावं. तिनं कॉम्प्युटर चालू केला, मॉनिटरचा प्लग लावला, बटण दाबलं.

बाण हलत होता.

तो सावकाश पत्त्यांच्या डावावर गेला. डाव उघडला. पत्ते सरसर मांडले गेले.

आपण उघडणार आहोत तर, असं तिला आधी वाटलं. आता किती पुढे असेल कोण जाणे, इतके दिवस मोजलं नव्हतं. थोड्या वेळानं आपल्यालाच बसून डाव खेळावासा वाटेल, आठवण म्हणून. माणसाला वाटतं असं. ती हा विचार करत होती, तोवर बाण चौकटच्या सत्तीपाशी गेला आणि त्यानं तिच्याभोवती दोन गिरक्या घेतल्या.

टिक असा आवाज झाला नाही. माउस जागच्या जागी होता, धुळीसकट. पण पत्ता उचलला गेला.

तिनं कप टेबलावर ठेवला आणि मागे सरली. फळीला पाठ टेकेपर्यंत सरली. दुसऱ्या पत्त्यालाही दोन गिरक्या. तिसऱ्यालाही. ती असं कधी खेळत नव्हती. जगात असं एकच माणूस खेळायचं.

हा पडदा कधी चुकला नव्हता. तिनं सगळे मार्ग वापरून बघितले होते, हात खुर्चीखाली दाबून बघितले होते. पडद्यावर जे होतं ते हात नंतर करायचाच. म्हणजे हात यायचा होता.

७

पुढचं दार वाजलं तेव्हा तिच्या तोंडून किंचाळी निघायची राहिली. पण तो दीर होता. जेवणाचा डबा विसरला म्हणून मधेच घरी आला होता. ती मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली. तिला तिथे बघून तो काही विचारणार होता, तेवढ्यात त्याची नजर तिच्या खांद्यावरून पडद्यावर गेली.

तो किती तरी वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते तिनं दवाखान्यापासून बघितलं नव्हतं. मन भरून आल्यावर माणूस लहान दिसतो.

"आई आहे," तो म्हणाला.

"भावोजी, आपण बंद करू या."

"वेड लागलंय का? तुम्हीच म्हणालात ना, हात मागनं येतो. मग येईल की ती." त्याचा आवाज फुटला. "मला उशीर झाला. आता तिला होतोय, एवढंच. थांबू या ना."

त्यानं तिच्या बाजूनं वाट काढली. जमिनीवरचं खोकं पायानं दूर सारलं, माउसवरची धूळ शर्टाच्या बाहीनं अलगद पुसली, तो न हलवता. मग चाकांची खुर्ची हात लावून मागे ओढली, बसायला सोपं जावं इतकी, आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"तिला गुडघा वाकवून बसायला त्रास होतो," तो म्हणाला. तो तिच्याशी बोलत नव्हता.

त्याला हाताला धरून बाहेर काढायचं तिच्या मनात होतं. पण तिच्या आत एक असं काहीतरी होतं जे इतकी वर्षं वस्तू पारखत आलं होतं, आणि ते तेवढ्यातही पडद्याकडेच बघत होतं. काहीतरी खुपत होतं. पत्ते बरोबर होते, संथपणा बरोबर होता, गिरक्याही दोनच. तरी खुपत होतं. इस्त्री तापते पण वास वेगळा येतो, तेव्हा खुपतं तसं.

तिनं फोन काढला. त्या दुपारचं चित्रण शोधलं. सासूबाईंचा हात, सुरकुत्या, बांगडी. बाण बदामच्या राणीपाशी जातो आणि गिरकी घेतो. वरून उजवीकडे, उजवीकडून खाली. घड्याळाच्या काट्यांसारखी. तिनं पुढचा पत्ता बघितला, त्याच्या पुढचा बघितला. प्रत्येक वेळी तशीच.

तिनं मान वर केली. पडद्यावर बाण किलवरच्या गुलामाभोवती फिरत होता. वरून डावीकडे. डावीकडून खाली.

८

"भावोजी, उलटं फिरतंय."

"काय?"

"गिरकी. आईंची अशी नव्हती. हे बघा. बघा ना इकडे!"

त्यानं फोनकडे बघितलं नाही. "तिला काय एवढं लक्षात राहणार," तो म्हणाला. "इतक्या दिवसांनी खेळतेय."

"आईंना बघून कुणीतरी शिकल्यासारखं आहे ते. समोरून बघून. आरशात बघून करावं तसं."

"वहिनी, तुम्हाला माझी शपथ आहे, गप्प बसा जरा."

खोलीत ऊन होतं. शेजारच्या पाइपांमधून पाणी गळत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चहावर साय धरली होती. इतकं सगळं नेहमीसारखं असताना असं काही होऊ शकत नाही, असं तिचं मन घोकत होतं, आणि घोकता घोकता तिला दिसलं की पडद्यावरचा डाव संपला. बाण मधोमध येऊन थांबला. मग सरळ खाली सरकला, पडद्याच्या कडेपर्यंत, आणि तिथेच राहिला. हात माउसवरून उचलून, खुर्ची वळवून मागे उभ्या असलेल्याकडे बघायच्या आधी माणूस करतो तसं.

ती विचार करत बसली नाही. वाकून टेबलाखाली हात घातला, सॉकेटमधला मॉनिटरचा प्लग पकडला आणि उपटला.

पडदा काळा पडला. त्यात उन्हाची पट्टी दिसली, फळ्या दिसल्या आणि खुर्चीची पाठ धरून उभा असलेला दीर दिसला.

"काय केलंत हे!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय केलंत, वहिनी!"

ती गुडघ्यांवर होती, हातात प्लग. तिला वाटलं, झालं. संपलं. आता रडू दे त्याला पोटभर. मग जेवायला वाढू. उद्या माणूस येईल आणि हे खोकं घेऊन जाईल.

माउस लाकडावर खरखरला.

फार नाही, टीचभर. सावकाश. खालून तिला टेबलाची कडच दिसत होती आणि माउसची वायर, जी जराशी ताणली गेली आणि सैल पडली. आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांसमोर, अगदी हाताच्या अंतरावर, खुर्चीची गादी दबू लागली. सासूबाई काडीसारख्या होत्या, त्या बसल्या तर गादीला पत्ता लागायचा नाही. ही गादी दबत गेली. कुरकुरत खाली गेली, कडांचं कापड ताणलं, दांडा खाली उतरला, चाकं फरशीत रुतल्यासारखी घट्ट झाली, तरी ती दबतच होती.

वर दिराचा श्वास अडकल्याचा आवाज आला. मग तो अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "आलीस?"

आत्तापर्यंत पुढे काय होणार ते तो पडदा आधी सांगत होता, एवढी एक गोष्ट त्यात चांगली होती. तिनं प्लग परत सॉकेटपाशी नेला. तो बसेना. तिनं पुन्हा लावून बघितला. वरती खुर्ची हळूहळू दिराकडे वळायला लागली होती.